सगळ्यांचं आणि एकेकाचं

जून उजाडला की खान्देशातल्या बहुतेक कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये 'फॉरमॅट मारायचं' काम निघतं. जळगाव असो, धुळं असो की शिरपूर, पद्धत एकच. कॅबिनेटवर मे महिन्याची धूळ, पंखा पाचवर, आणि लॅब असिस्टंट दोन-तीन पेनड्राईव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. पेनड्राईव्ह लावायचा, बूट करायचं, 'नेक्स्ट-नेक्स्ट' करत जायचं, पीसी कामाला लागला की पुढच्याकडे वळायचं. चाळीस पीसींची लॅब असली की दोन-तीन दिवस यातच जातात. त्यात आता विंडोज १० चं प्रकरण. मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. लॅबमधले चौथ्या पिढीचे आय-थ्री त्यात बसत नाहीत. म्हणजे त्यांच्यावर उबंटू टाकायचं, नाहीतर पीसी बदलायचे. बदलायला पैसे आहेत का, हे प्राचार्यांना विचारून पाहावं.

हे काम आपोआप व्हावं असं कुणालाही वाटेल. नेटवर्कवर सगळे पीसी जोडलेले आहेतच. एका जागेवरून हुकूम द्यावा आणि चाळीसही पीसींवर सिस्टीम बसावी. तशी सोय आहे, फुकट आहे, आणि पंचवीस वर्षांहून जुनी आहे. पण ती वेळ वाचवण्यासाठी आहे असं समजून तिच्याकडे गेलं, की तिच्यातली खरी गोष्ट हातातून निसटते.

सिस्टीम टाकताना माणूस नेमकं काय करतो ते पाहा. फायली कॉपी करणं, डिस्कचे भाग पाडणं, ड्रायव्हर बसवणं ही कामं यंत्रच करतं. माणसाकडून ते फक्त उत्तरं घेतं. भाषा कोणती? टाइम झोन कुठला? डिस्क पूर्ण पुसायची की एक भाग ठेवायचा? युजरचं नाव काय, पासवर्ड काय, या पीसीचं नाव काय? कीबोर्ड कोणता? हा कीबोर्डचा प्रश्न इंग्रजीपुरतं काम असणाऱ्याला प्रश्न वाटतच नाही. पण टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टनवर बोटं बसलेली मुलगी इनस्क्रिप्टच्या पीसीवर बसली, की तिचा वेग पहिल्या ओळीतच संपतो. त्यामुळे मराठी कीबोर्ड कोणता, हे कुणीतरी ठरवायलाच हवं.

कुणीतरी म्हणजे कोण? तर त्या क्षणी त्या खुर्चीवर जो बसला असेल तो. पहिल्या दहा पीसींना असिस्टंट नीट उत्तरं देतो. पुढची दहा करायला थर्ड इयरची दोन पोरं मदतीला येतात. त्यातलं एक डिस्कचे दोन भाग पाडतं, दुसरं एकच ठेवतं. एकाला टाइम झोन दिसत नाही, म्हणून त्याने केलेले तीन पीसी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालू लागतात. चाळीस पीसी होतात, आणि चाळीस वेगळे होतात. त्याची किंमत जूनमध्ये मोजावी लागत नाही, ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मोजावी लागते. एक्स्टर्नल समोर बसलेले असताना "सर, अकरा नंबरवर पायथॉनच उघडत नाहीये" अशी हाक येते, आणि अकरा नंबरला कुणी काय उत्तरं दिली होती हे आता कुणालाच आठवत नसतं.

म्हणून ही सगळी उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची. इन्स्टॉलरने प्रश्न विचारायच्या आत ती त्याच्या हाती द्यायची. डेबियनमध्ये या फाईलला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटमध्ये किकस्टार्ट, उबंटूत आता ऑटोइन्स्टॉल, आणि विंडोजमध्ये ती एक्सएमएलमध्ये लिहिलेली असते. सन कंपनीच्या सोलारिसमध्ये जंपस्टार्ट नावाची अशी सोय होती. तिच्यावरून सुचून जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ मध्ये लिनक्ससाठी 'फुली ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन', म्हणजे एफएआय, सुरू केलं. ते आजही चालू आहे.

फाईल लिहायला बसलं की पहिला धक्का बसतो. ठरवायची जी गोष्ट आजवर कुणी ठरवलीच नव्हती, ती तिथे उघडी पडते. डी ड्राईव्ह ठेवायचा का? मुलांना सॉफ्टवेअर टाकण्याची परवानगी द्यायची का? दोन प्राध्यापकांची दोन मतं निघतात, आणि इतकी वर्षं ती दोन्ही एकाच लॅबमध्ये, वेगवेगळ्या पीसींवर, सुखाने नांदत होती. माझ्या मते या कामाचा निम्मा उपयोग इथेच पदरात पडतो, नेटवर्कची केबल लावायच्याही आधी.

आता केबल लावू. डिस्क कोरी आहे, सिस्टीम नाही. मग पीसीला फाईल कुठून घ्यायची हे कळतं कसं? नेटवर्क कार्डातच एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला पीएक्सई म्हणतात. इंटेलने त्याचं २.१ हे प्रमाण प्रसिद्ध केलं तेही १९९९ मध्येच. पीसी चालू झाला की हे कार्ड नेटवर्कवर विचारणा करतं: मला पत्ता कोण देईल, आणि मी सुरुवात कुठून करू? डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो, आणि सोबत अमुक सर्व्हरवरून अमुक फाईल घे, असंही सांगतो. मग कार्ड ती फाईल टीएफटीपीने आणतं. ही पद्धत १९८१ सालची, इतकी साधी की मूळ रूपात एकदा ५१२ बाइट पाठवायचे, पोचपावती यायची, मग पुढचे ५१२. कार्डातल्या इवल्याशा जागेत बसावी म्हणूनच ती साधी. त्या छोट्या फाईलने पाय रोवले की पुढचं मोठं सामान एचटीटीपीने वेगात येतं.

इथे आपल्याकडची एक नेहमीची अडचण येते. कॉलेजचा डीएचसीपी लॅबवाल्याच्या ताब्यात नसतो. तो ऑफिसातल्या राउटरमध्ये असतो, आणि त्या राउटरचा पासवर्ड इंटरनेट देणाऱ्या एजन्सीच्या माणसाकडे. त्यावर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम 'प्रॉक्सी' पद्धतीने चालवता येतो. पत्ता राउटरनेच द्यायचा, फाईल कुठे आहे एवढंच याने सांगायचं. राउटरला हात लावावा लागत नाही. दुसरी अडचण जास्त चिवट. कुणीतरी मोबाईलला नेट मिळावं म्हणून लॅबच्या स्विचमध्ये घरचा वायफाय राउटर खुपसून ठेवलेला असतो. तोही डीएचसीपीची उत्तरं देऊ लागतो, आणि निम्मे पीसी भलत्याच नेटवर्कवर जातात. इन्स्टॉलेशनच्या दिवशी सर्व्हरआधी हा राउटर शोधावा.

वेगाचं एकदा सांगून टाकतो. पाच जीबीची सिस्टीम चाळीस पीसींना, म्हणजे दोनशे जीबी. गिगाबिट स्विचवर सेकंदाला साधारण ११० एमबी धरले तर अर्धा तास. जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर पाच तास. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात; क्रिम्पिंग करताना एक जरी नीट बसली नसेल तर तेवढा पीसी गुपचूप शंभरवर उतरू शकतो आणि सगळ्यांच्या मागून येतो. पॅकेजेस इंटरनेटवरून यायची असतील तर एप्ट-कॅशर बसवावा. तो एकदा उतरवलेलं पुढच्या एकोणचाळीस जणांना घरातूनच देतो.

इतकं ऐकल्यावर हमखास एक प्रश्न येतो. एवढ्या फायली लिहीत बसण्यापेक्षा एक पीसी नीट तयार करून त्याची हुबेहूब नक्कल सगळीकडे का मारू नये? मारता येते. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला हेच करतं, आणि मल्टिकास्टने करतं, म्हणजे एकच प्रवाह सोडायचा आणि चाळीसही पीसींनी तो एकदम प्यायचा. खान्देशात नकलेचं मोल कुणाला शिकवायला नको. रावेर-यावलच्या केळीबागांमध्ये टिश्यूकल्चरची ग्रँड नैन रोपं लावतात ती याचसाठी. सगळी एका वाणाची, एका वयाची, बाग एकदम निसवते आणि एकदम कापणीला येते. पण मातृझाडात विषाणू असेल तर तोही प्रत्येक रोपात जातो. म्हणून चांगली प्रयोगशाळा मातृझाड आधी तपासून घेते, आणि सीएमव्ही या विषाणूने बागा उपटाव्या लागलेल्या शेतकऱ्याला ती तपासणी का हवी हे विचारावं लागत नाही.

पीसीच्या नकलेत विषाणूपेक्षा वेगळी एक गोष्ट पसरते: ओळख. लिनक्सच्या प्रत्येक पीसीत मशीन-आयडी नावाची एका ओळीची फाईल असते, ३२ अक्षरांची. पहिल्यांदा सिस्टीम बसते तेव्हा ती तयार होते आणि ती फक्त त्या पीसीची. नक्कल मारली की चाळीसही पीसींत तीच ओळ जाते. उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत डीएचसीपीकडे पत्ता मागताना या ओळीवरून काढलेली ओळख पुढे केली जाते. सर्व्हरला वाटतं एकच पीसी पुन्हा पुन्हा विचारतोय, आणि तो सगळ्यांना एकच पत्ता देतो. मग एक पीसी चालू केला की दुसऱ्याचं नेट जातं. केबल बदला, स्विच बदला, पोर्ट बदला, काही उपयोग नाही, कारण दोष तारेत नसतोच.

विंडोजमध्ये हीच गोष्ट एसआयडीच्या रूपात आहे. नक्कल काढण्याआधी सिसप्रेप चालवून ही ओळख पुसावी असं मायक्रोसॉफ्ट कायम सांगत आलं. मायक्रोसॉफ्टमधल्याच मार्क रसिनोविच यांनी २००९ मध्ये लिहिलं की पीसींचे एसआयडी सारखे असले तरी प्रत्यक्षात फारसं बिघडत नाही, आणि एसआयडी बदलणारं आपलं न्यूएसआयडी हे साधन मागे घेतलं. अनेकांनी निर्धास्तपणे सिसप्रेप सोडून दिला. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या ही ओळख कडकपणे तपासू लागल्या. सारख्या एसआयडीच्या पीसींमध्ये एकमेकांची शेअर केलेली फोल्डर उघडेनाशी झाली, रिमोट डेस्कटॉप चालेनासा झाला. सोळा वर्षं चाललं म्हणून ते बरोबर होतं असं नाही.

तेव्हा खरा विचार करायचा तो हा: या पीसीत जे आहे त्यातलं सगळ्यांचं किती आणि याचं एकट्याचं किती? नक्कल हा प्रश्न विचारतच नाही, ती सगळंच सगळ्यांना देते. उत्तरांच्या फाईलला तो टाळता येत नाही.

आणि नीट पाहिलं तर 'सगळ्यांचं' आणि 'एकट्याचं' अशी दोनच खोकी पुरत नाहीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा बीसीएचा अभ्यासक्रम जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांना एकच. म्हणजे कोणती सॉफ्टवेअर लागतात ही यादी तीन जिल्ह्यांची सामाईक. प्रिंटर कुठला आणि नेटवर्कचे पत्ते कोणते, हे एका कॉलेजचं. प्रोजेक्टर आणि शिक्षकाचा पीसी एका लॅबचा. नाव एका पीसीचं. एफएआयमध्ये यासाठी 'क्लास' आहेत, आणि मला त्या प्रणालीतलं सगळ्यात शहाणं काम तेच वाटतं. प्रत्येक पीसी अनेक वर्गांत असतो. 'डिफॉल्ट' या वर्गात सगळेच, मग तुम्ही पाडलेले वर्ग, मग त्याच्या स्वतःच्या नावाचा वर्ग, आणि शेवटी 'लास्ट'. दोन वर्गांची उत्तरं जुळली नाहीत तर नंतर येणाऱ्याचं चालतं. म्हणजे जवळचा माणूस लांबच्याला खोडू शकतो, पण जिथे तो बोलत नाही तिथे लांबच्याचंच राहतं.

हाच विचार न्यायालयांच्या कामात मोठ्या मापाने झालेला दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबंटूची आपली जुळवलेली आवृत्ती दिली. खटल्यांच्या नोंदीचं सीआयएस हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीने केलं. त्याची रचनाच 'नॅशनल कोअर' आणि 'पेरिफेरी' अशी आहे. गाभा देशभर एक, आणि भोवतालचा भाग उच्च न्यायालयागणिक वेगळा. चोपड्याच्या न्यायालयातला आणि साक्रीच्या न्यायालयातला कारकून एकाच गाभ्यावर काम करतो, आणि तो गाभा गुवाहाटीतही तोच असतो.

एका पीसीची ओळख धरायची कशाने? पीएक्सईच्या वेळी डिस्क कोरी असते, त्यामुळे हाताशी असतो मुख्यतः नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, बारा अक्षरांचा. आणि कॉलेजकडे असतं डेडस्टॉक रजिस्टर. त्यातला नंबर कॅबिनेटच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला असतो, थोडा ओघळलेला. या दोन्हींची जोडी लावली की काम झालं: अमुक मॅक म्हणजे अमुक डेडस्टॉक नंबर, म्हणजे लॅब दोनचा सतरावा पीसी. जोडी कायमची मात्र नसते. मदरबोर्ड बदलून आला की मॅक बदलतो, पेंट तोच राहतो. सर्व्हरच्या दृष्टीने तो पीसी अनोळखी होतो.

अनोळखी पीसीचं काय करायचं, इथे ही सगळी विद्या धोक्याची होते. इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यातला एक असतो: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ का? बाकीच्या प्रश्नांना माहिती हवी असते. हा प्रश्न माणसाला थांबवण्यासाठी असतो. उत्तरांच्या फाईलमध्ये त्यालाही आधीच 'हो' लिहिलेलं आहे. मग त्याच नेटवर्कवर ऑफिसातला पीसी असेल, त्यात परीक्षेचे फॉर्म असतील, आणि त्याच्या बायोसमध्ये नेटवर्क बूट पहिलं असेल, तर सकाळी साहेबांनी बटण दाबलं की दहा मिनिटांत तिथे कोरं करकरीत उबंटू. कुणीही चुकीचं बटण दाबलेलं नसतं.

म्हणून काही उत्तरं आधी देऊ नयेत. माझा स्वतःचा नियम कडक आहे. सर्व्हरचं मूळ उत्तर कायम 'आपल्या डिस्कवरून सुरू हो' हेच. ज्याचा मॅक यादीत आहे आणि ज्याच्यापुढे आज 'टाक' असं हाताने लिहिलं आहे, तेवढ्यालाच इन्स्टॉलर द्यायचा, आणि काम झालं की ती खूण आपोआप पुसली गेली पाहिजे. न पुसल्यास काय होतं? सिस्टीम बसते, पीसी रीस्टार्ट होतो, पुन्हा नेटवर्कवर जातो, पुन्हा सिस्टीम बसते. रात्री वीज जाऊन पहाटे आली आणि बायोसमध्ये 'वीज आली की चालू हो' असं असेल, तर अख्खी लॅब माणसांशिवाय स्वतःला पुसत बसते. आपल्याकडच्या विजेचा लपंडाव धरला तर ही काही दूरची कल्पना नाही.

पासवर्डचंही तसंच. उत्तरांची फाईल नेटवर्कवर उघडी असते. कॉम्प्युटर शाखेची पोरं ती वाचणार नाहीत असं समजणं म्हणजे आपणच त्यांना काही शिकवलं नाही असं म्हणणं. साधा पासवर्ड तिथे लिहू नये, हॅश लिहावा, आणि इन्स्टॉलेशन आटोपलं की ॲन्सिबलसारख्या साधनाने सगळ्या पीसींवर तोही बदलून टाकावा.

यासाठी नवा सर्व्हर घ्यायची गरज नाही. विंडोज ११ ने नाकारलेला एखादा आय-थ्री, आठ जीबी रॅम, एक एसएसडी आणि गिगाबिट कार्ड एवढ्यावर चाळीस पीसींची लॅब निघते. फाईल साध्या मजकुराची असते; तिची एक प्रत छापून डेडस्टॉक रजिस्टरला लावून ठेवा, म्हणजे असिस्टंटची बदली झाली तरी लॅब काय ठरवून चालते ते पुढच्याला वाचता येईल. आणि जळगावात किंवा धुळ्यात ज्यांनी अशी फाईल आधीच तयार केली असेल, त्यांनी ती शेजारच्या कॉलेजला द्यावी. अभ्यासक्रम एकच आहे. पासवर्डची ओळ आणि मॅकची यादी तेवढी काढून घ्या.